मशीन मोजतं बरोबर, पण चुकलं तर?

वाद पेटला पाच पौंडांवरून. आमचे सर गणिताचे, आता निवृत्त. उन्हाळ्यात ते मुलीकडे इंग्लंडला जाऊन आले. तिथल्या सुपरमार्केटात माल आपणच स्कॅन करायचा आणि पैसेही मशीनलाच द्यायचे. सरांचं बिल झालं १३ पौंड ४० पेन्स. त्यांनी वीसची नोट सरकवली. खालच्या वाटीत १ पौंड ६० पेन्सची चिल्लर खणखणत पडली. पाचची नोट मात्र आलीच नाही, असं सरांचं ठाम म्हणणं. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, परत फिरले, तोवर मशीनपुढे दुसरं गिऱ्हाईक उभं. तिथल्या कामावरच्या मुलीने नोंद पाहून सांगितलं, नोट दिलेली दिसतेय. तिच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला.

इकडे जळगावात, काव्यरत्नावली चौकातल्या आमच्या कट्ट्यावर तो मिटायला तयार नव्हता.

पप्पू एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीवर असतो, त्यामुळे पहिला हल्ला त्याचाच. "सर, नोट बाहेर आली असणार. चिल्लर पडते एकीकडे, नोट निघते दुसरीकडे. तुम्ही वाटी रिकामी केली आणि निघालात."

"नोटेची फट स्कॅनरच्या खाली होती हे मला माझ्या मुलीने नंतर दाखवलं," सर म्हणाले. "पण मी खाली पाहिलं नाही हे तू कशावरून म्हणतोस? आणि 'नोट घ्या' असं मशीन बोलतं म्हणशील, तर एका रांगेत सहा मशीनं एकदम बोलतात. आपलं कोणतं हे कसं कळणार?"

बापूंचा आक्षेप त्याहून मुळातला. ते रावेरकडचे, केळीचे बागायतदार. "मले तं मशीनवर भरवसाच नाही भो. नाणं दोनचं का पाचचं, हे त्याले कसं कयते?"

यावर पप्पूने जे केलं ते मला फार आवडलं. चहावाल्याच्या गल्ल्यातून मूठभर नाणी मागून घेतली आणि कट्ट्याच्या फरशीवर मांडली. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं घेतलं, त्यावर धान्याची नक्षी असलेलं २०१९ च्या मालिकेतलं पाचचं ठेवलं. कड तंतोतंत जुळली, दोन्ही २५ मिलिमीटर. मग जुनं पिवळं पाचचं आणि २०१९ च्याच मालिकेतलं नवं दोनचं. तेही जुळलं, दोन्ही २३. म्हणजे नुसता व्यास मोजणारं मशीन आपल्याकडे पहिल्याच दिवशी फसेल. त्याने खिशातला चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर काढला. दोनचं पोलादी नाणं टोकाला चिकटलं, पिवळं पाचचं हललंही नाही. बापू जरा वाकून बघू लागले.

नाना धुळ्याचे, बँकेत कॅशियर होते. तेवढ्यात त्यांनी ढिगातून एक पांढरं पाचचं शोधून काढलं, २००७ चं. ते पोलादाचं. चुंबकाला चिकटलं, आणि व्यासही नव्या दोनच्या नाण्याइतकाच. आता फरक उरला वजनाचा आणि जाडीचा. ते ६ ग्रॅमचं, नवं दोनचं ४ ग्रॅमच्या जरासं वर. बापूंनी दोन्ही नाणी दोन तळहातांवर घेतली, डोळे मिटून हात खालीवर केले आणि पाचचं कोणतं ते बरोबर सांगितलं.

पप्पू म्हणाला, मशीन हेच करतं. नाणं घरंगळत जाताना तारेच्या वेटोळ्यांमधून जातं, तिथल्या चुंबकीय क्षेत्रात जो फरक पडतो त्यावरून धातू, आकार, जाडी एकदम ताडली जाते. एका खुणेवर विसंबत नाहीत. शंका आली की नाणं परतीच्या वाटीत. मूठभर नाणी एकदम ओतली की त्यातली एकदोन अशी परत पडतात, गिऱ्हाइकाला वाटतं ती मोजली गेली, आणि तिथून भांडण सुरू होतं. नोटेचंही तसंच. अवरक्त आणि अतिनील प्रकाश टाकून, शाईतलं चुंबकत्व तपासून आत साठवलेल्या नमुन्याशी ताडून बघतात.

"पण नमुना कोणी भरायचा?" नानांनी विचारलं. उत्तर पप्पूलाच पाठ. नोव्हेंबर २०१६ मध्ये हेच झालं होतं. जुनी पाचशेची नोट ७३ मिलिमीटर रुंद, नवी ६६, वर दोन हजारची नवीनच. बँकेत नोटा आल्या तरी एटीएममधून निघेनात, कारण प्रत्येक मशीन उघडून आतली नोटांची पेटी, म्हणजे कॅसेट, नव्या मापाला जुळवायची आणि सॉफ्टवेअरही बदलायचं. सरांनी भर घातली की इंग्लंडमध्ये राजा चार्ल्सचं चित्र असलेल्या नोटा ५ जून २०२४ ला चलनात आल्या, पण नमुने डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केले होते, त्यामुळे मशीनवाल्यांना तयारीला वेळ मिळाला.

इथपर्यंत आलो तेव्हा मोजणीचा प्रश्न माझ्यापुरता सुटला होता. नीट देखभाल असलेलं मशीन दमलेल्या माणसापेक्षा कमी चुकेल, हे मी मान्य करतो. तरी सरांच्या पाच पौंडांचं उत्तर त्यात नाही.

नाना म्हणाले, "पैसा मोजानं काम मशीनले जमस रे भो. पन आपलं ऐकी लेवानं काम कोन करी?"

नानांची पुतणी गावातल्याच एका मोठ्या दुकानात काउंटरवर बसते. रात्री हिशेब जुळवताना गल्ल्यात तूट निघाली की तिच्या पगारातून कापतात. जास्त निघाले तर ते दुकानाचे. दिवसभरात शेकडो वेळा सुट्टे देणाऱ्या पोरीचा एक हात चुकला तर भुर्दंड तिला. मशीनने एखाद्याला कमी दिले तर तो भुर्दंड गिऱ्हाइकाला, कारण पुरावा मशीनच्या पोटात आणि किल्ली दुकानाकडे. हा अन्याय आहे, आणि दोन्हीकडे नुकसान अशक्त बाजूचंच होतं. मला मशीनपेक्षा या गोष्टीचा जास्त राग येतो.

एटीएमला निदान नियम आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं की खात्यातून पैसे वजा झाले आणि नोटा निघाल्या नाहीत, तर पाच दिवसांत रक्कम खात्यात परत आली पाहिजे, नंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. दुकानाच्या गल्ल्यातल्या रोकडीला हे परिपत्रक लागू नाही, मग तो गल्ला माणसाचा असो की मशीनचा.

पप्पूने आणखी एक आठवण काढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चिल्लर देणारी मशीनं बारा शहरांत आणायचं जाहीर केलं, पण त्यात नोट घालायची सोयच ठेवली नाही. क्यूआर कोड स्कॅन करा, खात्यातून पैसे जातील, नाणी घ्या. नोट स्वीकारणं आणि ती खरी का खोटी हे तपासणं, ही कटकटच टाळली.

"म्हंजे रोकड बंदच करा तं!" बापू उसळले. केळीच्या काढणीला येणारी माणसं संध्याकाळी हातात पैसे मागतात, त्यांनी वाण्याकडे मोबाइल दाखवायचा का, हा त्यांचा प्रश्न. मी बापूंच्या बाजूचा. मशीन आणा, पण रोकड घेणारं आणा, आणि शेजारी एक माणूस ठेवा ज्याला ते उघडायचा अधिकार असेल.

मग नानांनी मुद्द्याला हात घातला. बँकेत पैसे भरताना स्लिपवर नोटांचा तपशील लिहावा लागतो, पाचशेच्या किती, शंभरच्या किती. "वाद आला की आम्ही आधी ते बघायचो. नुसत्या बेरजेवरून चूक सापडत नाही."

सरांनी तिथूनच मुलीला मेसेज टाकला, तिच्याकडच्या पावतीवर काय छापून येतं म्हणून. तिने पावतीचा फोटोच पाठवला. भरलेली एकूण रोकड आणि परत दिलेली एकूण रोकड. कोणती नोट आत गेली, कोणती बाहेर आली, काही नाही.

"हा तपशील मशीनकडे असतो का?" सरांनी पप्पूला विचारलं.

"असतोच. एकेक नोटेचा असतो. त्याशिवाय रात्री हिशेब कसा जुळेल?"

"मग तो मला का छापून देत नाहीत?"

यावर पप्पूकडे उत्तर नव्हतं. सर मुलीला लिहायला लागले की पुढच्या वेळी त्या दुकानात गेलीस की हाच प्रश्न तिथल्या मॅनेजरला लेखी विचार.