पडद्याच्या दोरीबाबतचा तो संदेश पुढे पाठवू नका

खिडकीच्या ब्लाइंड्सच्या, म्हणजे दोरी ओढून वर-खाली करायच्या पडद्यांच्या, दोऱ्यांविषयीचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. तो माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने विचारले, "मावशी, मग ब्लाइंड्स बदलायची गरज नाही ना?" तिचा मुलगा नुकताच चालू लागला आहे, म्हणून हे उत्तर. संदेशाचे म्हणणे असे: दोरीत अडकलेले मूल ओरडते आणि घरातल्यांना ते ऐकू येते, असे अपघात निष्काळजी पालकांच्याच घरी होतात, दोरीला गाठ मारून ती वर अडकवली की प्रश्न मिटतो, आणि सुरक्षा मानकांची मागणी हा बिनदोरीचे महाग पडदे खपवण्याचा डाव असून अमेरिकी न्यायालयानेही तो उधळून लावला आहे.

यातला पहिला दावा धादांत खोटा आणि सर्वांत घातक आहे. आवाज निघण्यासाठी स्वरयंत्रातून हवा जावी लागते आणि फास आवळला की नेमकी तीच वाट बंद होते. शिवाय जीव जाण्यासाठी श्वासनलिका पूर्ण दाबली जाण्याचीही गरज नसते. मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या मानेतल्या शिरा सुमारे 2 किलोच्या आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या सुमारे 5 किलोच्या ताणाने बंद होतात, असे न्यायवैद्यकाची पाठ्यपुस्तके सांगतात, आणि हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत. दोन वर्षांच्या मुलाचे वजन दहा-बारा किलो असते. त्याने लटकायलाच हवे असे नाही. पाय जमिनीला टेकलेले असताना गुडघे वाकले किंवा तोल पुढे गेला, तरी तेवढा भार दोरीवर येतो. त्या वयात शरीराच्या मानाने डोके जड असते, स्नायूंवर पुरता ताबा आलेला नसतो आणि पुढे ओढण्याऐवजी मागे सरकले तर फास सैल होईल, हे उमजत नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत जीव जातो आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या आईला काहीही ऐकू येत नाही. "ओरडेल की" हा भरवसा देणाऱ्याने निदान एवढी माहिती घेऊन मग लिहायला हवे होते.

निष्काळजीपणाच्या आरोपाला ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील अभ्यास पुरेसा आहे. 1990 ते 2015 या काळात ब्लाइंड्समुळे झालेल्या इजांसाठी सहा वर्षांखालील सुमारे 17,000 मुलांवर तातडीच्या विभागात उपचार झाले. त्यांतल्या बहुतेक इजा किरकोळ होत्या, हे मान्य. परंतु दोरीत अडकण्याच्या ज्या 231 घटनांची स्वतंत्र चौकशी झाली होती, त्यांपैकी दोन-तृतीयांश घटनांत मूल दगावले. बहुतेक वेळा पालक घरातच होते आणि मूल जेमतेम दहा मिनिटेही एकटे नव्हते. कुणाला नुकतेच झोपवले होते, कुणी खेळत होते. मुलाला झोपवून खोलीबाहेर येणे याला निष्काळजीपणा म्हणायचे असेल, तर जगातला प्रत्येक पालक निष्काळजी ठरेल.

दोरी उंच खुंटीला गुंडाळल्याने धोका कमी होतो, हे खरे आहे, आणि पाळणा खिडकीपासून दूर ठेवावा हेही खरेच. पण दोन दोऱ्या एकमेकींना बांधल्या की नवा फास तयार होतो, खुंटीचा उपयोग दररोज न चुकता गुंडाळण्यावर अवलंबून असतो आणि मुले पलंगावर चढतात. शिवाय वरच्या अभ्यासात अडकण्याच्या 22 टक्के घटना आतल्या, म्हणजे पट्ट्यांमधून किंवा रोमन ब्लाइंडच्या (घड्या पडत वर जाणाऱ्या कापडी पडद्याच्या) मागून जाणाऱ्या दोऱ्यांच्या होत्या. खाली लोंबणारी दोरी कितीही वर बांधली, तरी या दोऱ्या जिथल्या तिथेच राहतात. 2009 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत असे रोमन ब्लाइंड आणि गुंडाळायचे ब्लाइंड मिळून सुमारे 5 कोटी नग दुरुस्तीसाठी परत बोलावावे लागले, ते काय पालकांचे लक्ष नव्हते म्हणून?

राहिला न्यायालयाचा मुद्दा. मापाप्रमाणे बनवून घेतलेल्या ब्लाइंड्सनाही लागू होणारा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा सक्तीचा नियम 2023 मध्ये रद्द झाला, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. मात्र आयोगाने आधारभूत माहिती हरकतींसाठी खुली केली नव्हती, खर्च-लाभाच्या हिशेबात चुका केल्या होत्या आणि अंमलबजावणीची मुदत अवाजवी कमी ठेवली होती, ही त्यामागची कारणे होती. दोऱ्या निर्धोक आहेत, असे न्यायालयाने कुठेही म्हटलेले नाही. आणि त्या नियमाविरुद्ध न्यायालयात गेली होती ती पडदे बनवणाऱ्यांचीच संघटना. सक्ती हा विक्रेत्यांचा डाव असता, तर त्यांनी ती स्वतःच का मोडून काढली असती?

बिनदोरीचे पडदे महाग पडतात, विशेषतः मोठ्या खिडक्यांना, ही तक्रार रास्त आहे. परंतु सुरक्षित वस्तू निवडण्याचा भार एकेका ग्राहकावर टाकला, तर ज्याला परवडते त्याचेच मूल सुरक्षित राहील. म्हणून बंधन विकणाऱ्यावर हवे. कॅनडाने 1 मे 2021 पासून तसे केले आहे: तयार असो वा मापाचे, मुलाच्या हाती लागणारी मोकळी दोरी ओढल्यावरही 22 सेंटिमीटरपेक्षा आणि तिच्या फासाचा घेर 44 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरता कामा नये. एवढ्या लांबीत मुलाच्या गळ्याभोवती वेढा बसत नाही आणि डोकेही आत जात नाही. हेच माप सगळीकडे सक्तीचे व्हावे, एवढीच मागणी आहे.