अटलांटिक सिटीची जिटनी: एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर असलेल्या अटलांटिक सिटीतले कॅसिनो बंद पडल्यामुळे तिथली शहर वाहतूक, विशेषतः जिटनी ही मिनीबस सेवा, संकटात आली, असं मांडणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही मुद्देसूद टीका केलीत. तुमचे आक्षेप असे: प्रवासी घटले तर फेऱ्या घटवायच्या, यात संकट कसलं? कॅसिनोंचा महसूल ते बंद पडण्याआधीच घसरला होता, म्हणजे मी कारण आणि परिणाम उलटे मांडले. आणि २०१८ मध्ये दोन कॅसिनो पुन्हा उघडले, आता तर न्यू जर्सीचा जुगाराचा महसूल विक्रमी आहे, तेव्हा विषय संपला.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. २००६ मध्ये महसूल सुमारे ५२० कोटी डॉलर होता आणि २०१३ मध्ये तो २८६ कोटींवर आला होता. मोठी घसरण कॅसिनो बंद पडण्याच्या, म्हणजे २०१४ च्या, आधीच झाली. २००६ च्या अखेरीस शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्लॉट मशीन, म्हणजे जुगाराची यंत्रं, सुरू झाली, २०१० मध्ये पत्त्यांची टेबलं आली, त्याच वर्षी फिलाडेल्फिया शहरातच कॅसिनो उघडला. तिथल्या माणसाला समुद्रापर्यंत जायचं कारण उरलं नाही. "कॅसिनो बंद पडले म्हणून महसूल कोसळला" हे लेखातलं वाक्य चुकीचं होतं, ते काढलं आहे.

पण ही दुरुस्ती केल्यावर मूळ मुद्दा आणखी स्पष्ट होतो. २०१४ मध्ये चार कॅसिनो बंद झाले: जानेवारीत अटलांटिक क्लब, ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी शोबोट, २ सप्टेंबरला रेव्हेल आणि १६ सप्टेंबरला ट्रम्प प्लाझा. बाराचे आठ उरले. त्या वर्षीचा महसूल सुमारे २७४ कोटी, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जेमतेम चार टक्क्यांनी कमी. नोकऱ्या मात्र आठ हजारांच्या आसपास गेल्या. खेळणारा माणूस एक दार बंद झालं तर शेजारच्या दारातून आत जातो. भांडी घासणारी, खोल्या आवरणारी, पत्ते वाटणारी माणसं तशी शेजारी सरकत नाहीत. आणि शहराच्या गाडीत रोज, ठरल्या वेळी, वर्षभर बसणारी माणसं हीच. पाहुणा बहुतेक वेळा स्वतःच्या मोटारीने किंवा भाड्याच्या बसने थेट कॅसिनोच्या दारात उतरतो. म्हणून महसुलाच्या आकड्यावरून प्रवाशांचा अंदाज बांधता येत नाही.

आता तुमचा पहिला आक्षेप. "फेऱ्या घटवा" हे सांगण्याआधी फेरी कोणाच्या पैशावर चालते ते बघावं लागतं, आणि इथे चार वेगवेगळे खिसे आहेत. लेखात मी ते एकत्र कालवले, तिथेच बराच गोंधळ झाला असणार.

पहिला खिसा जिटनीवाल्याचा. १९१५ पासून चालत आलेली ही मिनीबस सेवा, गाडीत जागा तेरा. एकूण परवाने १९०, आणि प्रत्येक परवान्यामागे एक चालक-मालक. त्याला पगार नाही. जो गल्ला जमेल त्यातून गॅस, विमा, दुरुस्ती आणि गाडीचा हप्ता वजा करून उरेल ते त्याचं. रोजच्या फेऱ्यांना सरकारी अनुदान नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ. तासाला १५ प्रवासी आणि भाडं सव्वादोन डॉलर धरलं तर गल्ला ३३.७५ डॉलर. ताशी खर्च १२ डॉलर धरा, उरले २१.७५. आता प्रवासी १५ चे १० झाले. गल्ला २२.५०, खर्च तोच १२, हातात १०.५०. प्रवासी एक तृतीयांशाने घटले आणि घरी नेण्याची रक्कम निम्म्याहून खाली आली. बस कंपनी अशा वेळी चार गाड्या आगारात उभ्या करते. इथे उभी केलेली प्रत्येक गाडी म्हणजे एका घराची बंद झालेली मिळकत, त्यामुळे आपली गाडी मागे घ्यायला कोणी आपणहून तयार होत नाही. मग होतं असं की गाड्या तेवढ्याच राहतात, पण चालक जागा भरेपर्यंत थांब्यावर रेंगाळतो आणि रात्रीच्या पाळीला यायला कंटाळतो. कागदावर एकही फेरी रद्द होत नाही, तरी प्रवाशाची गाडी उशिरा येते.

दुसरा खिसा राज्याचा: न्यू जर्सी ट्रान्झिटच्या बस आणि फिलाडेल्फियाहून येणारी रेल्वे. शहराचा मालमत्ता कर आटला तरी या बस लगेच थांबत नाहीत, कारण त्या शहराच्या तिजोरीवर चालतच नाहीत. इथे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. पण नकाशा बघा. जिटनी पॅसिफिक अव्हेन्यूवर धावते, तिला समांतर, समुद्रापासून आणखी एक गल्ली आत, अटलांटिक अव्हेन्यूवर सरकारी बस. प्रवासी भरपूर असतात तेव्हा दोन्ही भरतात. घटले की उरलेले प्रवासी दोन गल्ल्यांत वाटले जातात, आणि फटका ज्याच्यामागे अनुदान नाही त्याला आधी बसतो.

तिसरा खिसा खुद्द कॅसिनोंचा. न्यूयॉर्कहून थेट अटलांटिक सिटीला येणारी दुमजली डब्यांची खास रेल्वे २००९ च्या फेब्रुवारीत तीन कॅसिनोंच्या पैशावर सुरू झाली. २०११ च्या सप्टेंबरात थांबली ती कायमची. कॅसिनोला परवडेपर्यंतच ती धावणार होती.

चौथा खिसा सर्वांत कमी बोलला जातो. कॅसिनोच्या महसुलावर ८ टक्के कर आहे, तो वृद्ध आणि अपंगांसाठी राखलेल्या निधीत जातो, आणि त्या निधीतले ८.५ टक्के त्यांच्या वाहतुकीला मिळतात. म्हणजे दर १०० कोटी डॉलर महसुलामागे ८ कोटी कर आणि त्यातले ६८ लाख डॉलर गाड्यांना. हे पैसे फक्त अटलांटिक सिटीत नाही, राज्याच्या सगळ्या २१ काउंट्यांत (जिल्ह्यांत) जातात. २००६ ते २०१३ या काळात महसूल २३४ कोटींनी घटला. आजच्या दराने हिशेब केला तर या एका मार्गाने वर्षाला दीड कोटी डॉलरहून जास्त रक्कम कमी झाली. डायलिसिसला नेणारी व्हॅन शंभर किलोमीटरवरच्या गावात असते आणि तिचं डिझेल अटलांटिक सिटीच्या टेबलांवर अवलंबून असतं.

यातूनच तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर मिळतं. २०२३ मध्ये राज्याचा एकूण जुगार महसूल ५७८ कोटी डॉलरच्या घरात गेला, हे खरं. पण त्यातले १९० कोटींहून अधिक ऑनलाइन कॅसिनोचे, वर खेळांवरच्या पैजांचे वेगळे. ऑनलाइन कॅसिनो नोव्हेंबर २०१३ पासून सुरू आहे आणि त्याचा करही त्याच निधीत जातो. म्हणून चौथा खिसा पुन्हा भरला, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण त्या व्हॅनवर दवाखाना गाठणारी माणसं अवलंबून आहेत. पहिला खिसा मात्र भरला नाही. घरी सोफ्यावर बसून फोनवर पैज लावणारा माणूस पॅसिफिक अव्हेन्यूवर जिटनीला हात करत नाही, आणि त्याच्यासाठी खोली आवरायला कोणी पहाटे उठत नाही.

दोन कॅसिनो पुन्हा उघडले, हेही बरोबर. जून २०१८ च्या अखेरीस रेव्हेलच्या इमारतीत ओशन आणि ताजमहाल नावाच्या कॅसिनोच्या इमारतीत हार्ड रॉक सुरू झाले. पण ताजमहाल ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद पडला होता, तो धरून बंद झालेले कॅसिनो पाच. अटलांटिक क्लब परत उघडला नाही. शोबोट हॉटेल म्हणून उघडलं, कॅसिनोविना. ट्रम्प प्लाझाची इमारत फेब्रुवारी २०२१ मध्ये स्फोटाने पाडली. शिवाय जागा बघा: रेव्हेल, शोबोट, ताजमहाल ही रांगच्या रांग किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, अटलांटिक क्लब दक्षिण टोकाला. टोकं मेली की मार्गाची लांबी तेवढीच राहते, पण शेवटच्या थांब्यांपर्यंत गाडी रिकामी जाते आणि रिकामी परत फिरते. मधला एखादा कॅसिनो बंद पडला तर एवढं नुकसान होत नाही. रेव्हेल पावणेचार वर्षांहून जास्त बंद होता. तेवढ्या काळात जुना कामगार एक तर शहर सोडतो, नाहीतर जुनी मोटार घेतो, आणि मोटार घेतलेला माणूस सहसा बसकडे परत येत नाही. त्यातून, हे दोन कॅसिनो उघडल्यावर अडीच महिन्यांच्या आत, ५ सप्टेंबर २०१८ ला, फिलाडेल्फियाची रेल्वे स्वयंचलित ब्रेक-नियंत्रण बसवण्यासाठी बंद केली. ती १२ मे २०१९ ला सुरू झाली. आठ महिने बदली बस.

"मग करायला काय हवं होतं?" हेही तुम्ही विचारलंत. मोठा कॅसिनो बंद करताना कामगारांना ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागत असे. हे ६० दिवस वाहतूकवाल्यांनीही वापरायला हवे होते. प्रत्येक थांब्यावर तासागणिक प्रवाशांची चढ-उतार मोजायची, आणि बंद होणाऱ्या कॅसिनोच्या पाळ्या सुटण्याच्या वेळा त्या आकड्यांशेजारी लिहायच्या. कपात दिवसाच्या गर्दीत करायची. ६० मिनिटांच्या फेरीला सहा गाड्या असतील तर दहा मिनिटांनी एक गाडी मिळते. चार केल्या तर पंधरा मिनिटांनी, सरासरी वाट बघणं पाचवरून साडेसात मिनिटांवर जातं. चालतं. रात्री मात्र दोनच गाड्या असतात. त्यातली एक काढली की अर्ध्या तासाचा एक तास होतो, आणि तो प्रवासी गेला तो गेला.

रात्री एकच गाडी उरली तर तिची वेळही नीट लावायला हवी. पत्ते वाटणारा चार वाजता सुटतो म्हणजे चार वाजता रस्त्यावर नसतो. टेबल सोडताना दोन्ही हात उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवायचे, लॉकर उघडायचं, गणवेश बदलायचा आणि मागच्या, पॅसिफिक अव्हेन्यूकडच्या दाराने बाहेर यायचं. यात पंधरा मिनिटं सहज जातात. ४:०० ची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली असते आणि पुढची पाचला. तीच गाडी ४:२० ला सोडली तर एक पैसाही जास्त न लागता ती भरून जाते.