‘कंबर दुखते? वजन उचलूच नका’ या सल्ल्याने ड्रायव्हरचं नुकसान होतंय

नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. “चालक बंधूंनो, कंबर दुखत असेल तर वजन उचलणं, बैठका मारणं बंद करा. सरकलेली गादी परत जागेवर येत नाही. महिनाभर झोपून आराम आणि दिवसभर पट्टा, हाच उपाय. स्टिअरिंग फिरवतो तोच आपला व्यायाम.” पांढरकवड्यात माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे भाऊ आल्या आल्या तोच मोबाइल पुढे करतात. “जोर लावला का मणका सरकते म्हणे, डाक्टर.” ही भीती कंबरेपेक्षा जास्त छळते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘महिनाभर झोपा’. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाले. उसण भरली त्याच दिवशी बैठका मारा, असं माझं म्हणणं नाही. तेव्हा सोसेल तेवढी रोजची हालचाल पुरे. नवी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते, म्हणूनच गावच्या पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या) माणसाला कंबरेला पाय लावल्याचं श्रेय मिळत आलंय. ताकदीचा व्यायाम करायचा तो कळ ओसरल्यावर, आणि महिनोन्महिने ठाण मांडलेल्या दुखण्यावर.

‘गादी परत येत नाही’ हे वाक्य सर्वांत घातक. मणक्यांमधली गादी दोन्ही मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती सरकत नाही. तिचा काही भाग फुगतो किंवा बाहेर येतो, आणि तो भाग पुष्कळदा काही महिन्यांत शरीर स्वतःच जिरवतं. ज्यांचं काहीच दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीतल्या निम्म्या लोकांची गादी त्यात फुगलेली निघाली. तेव्हा एमआरआयचा कागद पाहून कोणी गाडी विकायला काढू नये.

पट्ट्याचं थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत व्यायामाची शिफारस आहे, पट्ट्याची नाही.

आता ‘स्टिअरिंग हाच व्यायाम’. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हादऱ्यांच्या आसपास सर्वांत जास्त हलतो, आणि ट्रकच्या सीटमधून येणारे हादरे बरेचदा त्याच टप्प्यातले असतात. कंबर तासन्‌तास ते झेलते. मांड्या आणि कुल्ले मात्र नुसते दबून राहतात. मग गाडी थांबते आणि माणूस उतरल्याबरोबर ताडपत्री ओढतो, स्टेपनी काढतो, नाहीतर डिझेलचा धूर साफ करायला लागणाऱ्या पातळ युरियाची वीस लिटरची बादली उचलतो. तिचं वजन बावीस किलोच्या घरात. मेसेजमधला वजनाचा धाक खरा ठरतो तो याच क्षणापुरता. उतरल्यावर पाच-दहा मिनिटं चाला, मगच वजनाला हात लावा.

आणि वजन तर उचलायचंच आहे, मालक सांगेल तेव्हा. मग कंबर त्यासाठी तयार का करू नये? त्याला जिम लागत नाही. धुतलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरा, झाले पाच किलो. मागच्या टायरकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, कॅन मांड्यांना लागून. कुल्ले मागे ढकलत टायरला टेकवा आणि कुल्ल्यांच्याच जोरावर परत उभे व्हा. असं आठ-दहा वेळा. दम खाऊन आणखी दोन फेऱ्या. मग ढाब्याच्या खाटेच्या काठावरून हात न टेकता उठ-बस. शेवटी कॅन एका हातात धरून, अंग कलू न देता ट्रकला एक फेरी. परत येताना हात बदला. एक दिवसाआड पुरे. सोपं वाटू लागलं की मोठा कॅन घ्या. थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी निवळलं तर काळजी नाही. कळ पायात उतरू लागली तर वजन कमी करा आणि दाखवून घ्या.

पण लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली शक्ती गेली, तर व्यायाम नको, पट्टाही नको. त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीसोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल तरी डॉक्टर गाठायला उशीर करू नका.

“वेळ कुठं आहे?” असं भाऊ विचारतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याप्रमाणे, पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने ड्रायव्हरला पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यायची होती. दहा मिनिटं चालणं आणि पंधरा मिनिटं कॅन एवढ्यात बसतं. ट्रकमालकांनी हा मेसेज पुढे पाठवण्याऐवजी तो अर्धा तास द्यावा.