मीटर डोळा मारतो

आमचं घर जुनं आहे. म्हणजे ज्याला पाहुणे ‘काय छान जुनं घर आहे हो!’ म्हणतात आणि आपल्या नव्या घरी झोपायला जातात, तसलं. खिडक्यांतून वारा न विचारता आत येतो. छत दिवसभर ऊन पितं आणि रात्री आमच्या अंगावर ओकतं. विजेचं बिल मी आधी उभ्यानं वाचतो, मग बसून.

घर पाडून बांधायची ऐपत नाही, तेव्हा आहे तेच कमी खाणारं करायचं ठरवलं. तेही हात आखडता घेऊन. पहिलं काम फटी शोधण्याचं. रात्री पेटती मेणबत्ती खिडकीपाशी धरायची, ज्योत झुकली की तिथे फट. (पडदे आधी बाजूला घ्यावेत. आमचा एक आता गुडघ्यापर्यंतच येतो.) आमच्याकडे ज्योत कुठेच सरळ उभी राहीना. तिसऱ्या रात्री शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “बिल भरायचं राहिलंय का?”

फटींना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. पुढच्या दाराला इतकं मन लावून चिकटवलं की दार लागेना. ६० वॉटचे पिवळे बल्ब काढून ९ वॉटचे एलईडी लावले. त्या पिवळ्या बल्बमधली ९० टक्क्यांहून जास्त वीज नुसती उष्णता होऊन जाते. थोडक्यात, इतकी वर्षं मी उजेडाच्या नावाखाली खोली तापवत होतो आणि ती थंड करायला पंखा लावत होतो. फ्रिजच्या दारात कागद अडकवून पाहिला. घट्ट बसला तर रबर चांगलं, ओढल्यावर सहज निघाला तर ढिलं. आमचा कागद ओढावाही लागला नाही, आपणच खाली पडला.

एवढं करूनही बिल जागचं हलेना. मग मी मीटरपुढे स्टूल टाकलं.

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वापरली की तो लुकलुकतो. आमच्या मीटरवर लिहिलंय: एका युनिटला ३२०० वेळा. एका दुपारी घरातलं एकूण एक बटण बंद केलं, फ्रिजसुद्धा. मुलगा म्हणाला, “बाबा, वायफाय पण?” वायफाय पण. दिवा विझला. मी मांडी घालून विजयी मुद्रेनं बसलो.

आणि दिवा सुरू झाला. साधासुधा नाही, चांगला झपाट्यानं. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला १०७. गुणिले ६०, भागिले ३२००: तासाला दोन युनिटं, म्हणजे दोन हजार वॉट! चार मिनिटांनी पुन्हा शांत. अंगावर काटा आला. घरात कोणीतरी जेवून गेलं होतं.

दोन हजार वॉट खाणारी आमच्याकडे एकच जात, गीझर. खालचा बंद होता. “वरचा?” बायको म्हणाली. वरच्या न्हाणीघराचा नळ बिघडला तेव्हापासून तिथे आम्ही सुटकेसा ठेवतो, त्याला तीन वर्षं झाली. सुटकेसा उतरवून बटणापर्यंत पोहोचलो. बटण चालू. त्यावरचा दिवा गेलेला, म्हणून चालू असल्याचं कोणाला कळलंच नाही. पाणी जरा निवलं की थर्मोस्टॅट इमानेइतबारे ते पुन्हा तापवत होता, रात्रंदिवस, सुटकेसांच्या आंघोळीसाठी. आणि इकडे मी मुलाला मोबाईल चार्जरचं बटण बंद करत नाही म्हणून बोलत होतो.

पकडीनं नळ पिळला. पाणी वाफाळत आलं.

बायको टॉवेल घेऊन दारात उभी. “तापलंच आहे, तर वाया घालवू नका,” ती म्हणाली.

एका मोठ्या आणि दोन छोट्या सुटकेसांच्या मधोमध, भर दुपारी, त्या दिवशीची दुसरी आंघोळ मी केली.