रेशनच्या तांदळात प्लास्टिक? बरं, एकेक मुद्दा घेऊ

दर दोन-चार महिन्यांनी हा मेसेज गावाच्या ग्रुपवर परत उगवतो. मजकूर साधारण असा: रेशनच्या तांदळात चीनचा प्लास्टिकचा तांदूळ मिसळतात. दाणे पाण्यावर तरंगतात, भाताचा गोळा आपटला की उसळतो, पेजेवर प्लास्टिकचा पापुद्रा येतो, जाळला की वास येतो, तेव्हा मुलांना देऊ नका. मेसेज फिरला की त्या दिवशी तांदूळ कोंबड्यांपुढे जातो.

सुरुवात ‘वेगळ्या दाण्यां’पासून करू, कारण ते दिसतात हे खरंच आहे. तांदूळ सुपात घेऊन बघा. मधूनच एखादा दाणा जरा पिवळट, गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखा दिसतो. खऱ्या दाण्याच्या एका टोकाला अंकुराच्या जागी बारीक खाच असते, ती याला नसते. आणि तो साच्यातूनच काढलेला असतो! तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, ते पीठ शेवयांसारखं यंत्रातून दाबून दाण्याएवढे तुकडे पाडतात. शंभर भाग तांदळात एक भाग, म्हणजे किलोला दहा ग्रॅम. आधी गडचिरोलीसारख्या निवडक जिल्ह्यांत प्रयोग झाला, १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, आणि मग रेशन, अंगणवाडी, शाळेचा पोषण आहार सगळीकडे हाच तांदूळ आला. गोणीवर ‘फोर्टिफाइड’ (पोषक घटक मिसळलेला) असं छापलेलं असतं. पण दुकानातून सुटा तांदूळ पिशवीत घेणाऱ्या बाईला ती गोणी कोण दाखवतो? ती बिचारी निवडताना खडा समजून नेमके तेच दाणे वेचून टाकते. ज्यात लोह आहे तेवढंच उकिरड्यावर.

तरंगण्याचंही उत्तर इथेच आहे. पिठाचा दाबून केलेला दाणा आतून थोडा पोकळ, सच्छिद्र राहू शकतो, म्हणून वर येतो. शिवाय पोचट किंवा किडीने पोखरलेला साधा दाणाही तरंगतो, आणि कोरड्या दाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तरी तो वर राहतो. उलट पीव्हीसीसारखं प्लास्टिक पाण्यात सरळ बुडतं. तेव्हा ही परीक्षा दोन्हीकडून नापास.

गोळा उसळतो, हो. कुठल्याही चिकट भाताचा, विशेषतः निवलेल्या भाताचा, उसळेल. शिजताना दाण्यातला स्टार्च (पिष्ट) पाणी पिऊन फुगतो, गार झाला की पुन्हा घट्ट होतो. घट्ट वळलेल्या गोळ्यात थोडी हवाही अडकते. गोळा दाबला जातो आणि परत फुलतो, एवढीच ती जादू. प्लास्टिकचे दाणे तासभर उकळले तरी पाणी पिणार नाहीत, फुगणार नाहीत, बोटांनी कुस्करणार नाहीत. मग त्यांचा गोळा वळणार कसा, हे व्हिडिओवाल्याला कुणी विचारत नाही.

पेजेवरचा पापुद्रा तर आपल्याकडे कुणाला नवा वाटायला नको. पेज ताटलीत पसरून वाळवली की पारदर्शक पातळ पापडी सुटते. तोच स्टार्च. याच पेजेची खळ देऊन सुती लुगडी कडक करायचे.

जाळण्याची परीक्षा मात्र खरी आहे, फक्त निकाल वाचायला येत नाही. तांदूळ जळाला की काळा कोळसा होतो आणि करपलेल्या पोळीचा वास येतो. पिशव्यांचं प्लास्टिक आधी वितळतं, ठिबकतं, आणि मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो.

घरात टिंक्चर आयोडीन असेल तर शिजलेल्या त्या वेगळ्या दाण्यावर एक थेंब टाका. निळाकाळा पडला की तो स्टार्च, प्लास्टिक नव्हे. (तो दाणा मग खाऊ नका, एवढंच.)

राहिला चीनच्या प्लास्टिक तांदळाचा मुद्दा. डिसेंबर २०१६ मध्ये नायजेरियात लागोसला कस्टम्सने १०२ पोती ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून पकडली आणि बातमी जगभर गेली. तिथल्या अन्न-औषध संस्थेने तपासलं तेव्हा तो तांदूळच निघाला. त्यात जिवाणू मर्यादेपेक्षा जास्त होते, म्हणजे खाण्यालायक नव्हताच, पण प्लास्टिक नव्हतं. ही दुसरी बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

आता याचा अर्थ रेशनच्या तांदळाबद्दल बोलायचंच नाही असा नाही. सगळ्यांना सरसकट लोहाचा तांदूळ देऊन रक्तक्षय खरंच किती कमी होतो, यावर जाणकारांत वाद आहे. थॅलेसेमिया असलेल्यांनी किंवा सिकलसेलवर उपचार चालू असलेल्यांनी (दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार) हा लोहाचा तांदूळ खाण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. भात वेळून पेज ओतून दिली तर त्यातली काही जीवनसत्त्वं जातातच, तेव्हा बेताच्या पाण्यात शिजवावा किंवा पेज प्यावी. आणि तांदळात खडे, किडे, कुबट वास असेल तर तो ग्रुपवर टाकून काही होत नाही. रेशनच्या १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.