24 टक्के व्याज जातं कुठे? बचत गटांवरच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

एक संदेश या ना त्या रूपात मोबाइलवर फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: बचत गट म्हणजे बायकांच्या नावावरची सावकारी. गट वर्षाला 24 टक्के व्याज लावतात, त्यात बायका कर्जात बुडतात. पैसा नवरे वापरतात, बायका नुसत्या सह्या करतात. आदिवासी पाड्यांवर तर हिशेब कुणाला कळतच नाही. पापड-लोणच्यांनी कुणाची गरिबी गेलेली नाही. तेव्हा गट बंद करा आणि पैसे थेट खात्यात टाका.

यातल्या प्रत्येक वाक्याला शोभेल असं एखादं गाव सापडतं, म्हणून तो लोकांना पटतो. एकेक वाक्य सुटं करून पाहिलं की मात्र चित्र बदलतं.

“24 टक्के व्याज म्हणजे सावकारीच”

आकडा खोटा नाही. बरेच गट सदस्यांना दरमहा शेकडा 2 दराने अंतर्गत कर्ज देतात, त्याचे वर्षाचे 24 होतात. विचारायचं ते हे, की व्याज कशावर मोजलं आणि ते कुणाच्या पेटीत गेलं.

12 जणींचा गट, दरमहा 100 रुपये बचत. सहा महिन्यांत 7,200 रुपये जमतात. त्यातले 5,000 एकीने बियाण्यासाठी उचलले आणि दरमहा 500 मुद्दल फेडायचं ठरलं. पहिल्या महिन्याचं व्याज 100, दुसऱ्याचं 90, तिसऱ्याचं 80, असं उतरत दहाव्या महिन्यात 10. एकूण 550 रुपये. हे 550 गटाच्याच निधीत राहतात आणि त्यात कर्ज घेणारीचाही बारावा हिस्सा असतो. हेच 5,000 सावकाराकडून दरमहा शेकडा 5 ने घेतले, तर दहा महिन्यांत 2,500 नुसतं व्याज जातं आणि मुद्दल जागच्या जागी उभं राहतं.

खोट असते ती दुसरीकडे. काही गट शेवटच्या हप्त्यापर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावतात. मग 550 ऐवजी 1,000 होतात. लबाडीपेक्षा हे वही लिहिणारीला सोपं पडतं म्हणूनच जास्त घडतं. कर्ज देतानाच दहाही हप्ते त्या बाईच्या पासबुकात लिहून दिले की हा घोळ थांबतो. आणि दर काही वरून आलेला नसतो. निधी वाढला की ठराव करून तो दीडवर, एकवर आणता येतो. हे अनेक गटांना कुणी सांगितलेलंच नसतं, ही तक्रार रास्त आहे.

बाहेरून येणारा पैसा याहून स्वस्त असतो. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या (महाराष्ट्रात ‘उमेद’) गटांना 3 लाखांपर्यंतचं बँक कर्ज वर्षाला 7 टक्क्यांनी मिळतं आणि 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही. गटाची बचत बँकेने कर्जापोटी अडकवून ठेवायची नाही, असंही रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. तरी एखादी शाखा “आधी एवढी ठेव ठेवा” म्हणतेच. तोंडी वाद न घालता नकाराचं कारण लेखी मागावं. कागदावर लिहायची वेळ आली की बहुतेकदा सूर बदलतो.

“गटामुळे बायका कर्जात बुडाल्या”

इथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या खासगी सूक्ष्म वित्त (मायक्रोफायनान्स) कंपन्या पाच-दहा बायकांना एकमेकींना जामीन ठेवून कर्ज देतात. गावात त्यालाही ‘गटाचं लोन’च म्हणतात. त्या गटात बायकांची स्वतःची बचत नसते, व्याजाचा दर कंपनी ठरवते, नफा कंपनीचा आणि हिशेब कंपनीच्या मोबाइलमध्ये. आपण कुठल्या गटात आहोत हे ओळखायला एवढी तपासणी पुरते.

बुडण्याची गोष्ट इथली आहे. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीसाठी तिसरीचं. 1 एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांत व्याजाची कमाल मर्यादा उरलेली नाही, पण दोन आधार आहेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. म्हणजे घरात महिन्याला 10,000 येत असतील तर सगळ्या कर्जांचे मिळून 5,000. आणि वसुली ठरलेल्या ठिकाणी व्हायला हवी. कर्जदार लागोपाठ दोनदा तिथे आली नाही तरच वसुलीवाला घरी जाऊ शकतो, तेही सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या वेळेत. फॉर्मवर घरचं उत्पन्न फुगवून लिहिलं की पहिला आधार तिथेच संपतो, आणि तो आकडा बहुतेकदा कंपनीचा माणूस भरतो. सही करण्याआधी तो वाचून घ्यायला हवा.

“पैसा नवरेच वापरतात”

बऱ्याच घरांत वापरतात. नवऱ्याच्या बैलासाठी बायकोने कर्ज काढलं तर त्यात लगेच गैर काही नाही. शेत दोघांचं आहे. बिघडतं ते निर्णय त्याचा आणि फेड तिची असं झालं की. त्यावरचे उपाय अगदी साधे आहेत. कर्जाची मागणी सदस्याने स्वतः बैठकीत, कारण सांगून मांडायची. निरोप चालणार नाही. बँकेतून पैसे काढायला तीन पदाधिकाऱ्यांपैकी दोघींच्या सह्या लागतात, पण कोऱ्या स्लिपांवर आधीच सह्या करून ठेवल्या तर त्या नियमाला काही अर्थ राहत नाही. गट फुटण्यामागे या कोऱ्या स्लिपा फार वेळा असतात. बियाणं, शेळी किंवा यंत्र घ्यायचं असेल तर दुकानदाराच्या खात्यात थेट पैसे द्यावेत.

याहून मोठं दुखणं समान वाटपाचं आहे, त्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. 1,50,000 रुपयांचं बँक कर्ज आलं की भांडण नको म्हणून 12 जणींत 12,500 प्रमाणे वाटून टाकतात. 12,500 मध्ये धड म्हैस येत नाही आणि किराणा भरायला ते जास्त होतात. तेच घरखर्चात विरतात आणि नवऱ्याच्या हातीही सहज जातात. पतआराखडा, म्हणजे कर्जाच्या वापराचं आणि फेडीचं नियोजन, करताना कुणाला किती, कशासाठी, कोणत्या महिन्यात हवं आणि फेड कोणत्या पिकावर होणार, हे आधी लिहिलेलं असेल तर चौघी प्रत्येकी 30,000 घेतात आणि उरलेल्या 30,000 मध्ये बाकीच्यांच्या लहान गरजा भागतात.

“आदिवासी बायकांना हिशेब कळत नाही”

पायलीने भात मोजणाऱ्या, सवाई (उसन्या धान्याची सव्वापट परतफेड) आणि दिढी (दीडपट) यांतला फरक अंगावर झेललेल्या बाईला हिशेब कळत नाही, हे म्हणणं धाडसाचं आहे. तिला लिहिता येत नसेल. दोन्ही गोष्टी निराळ्या. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला बायकांनी बँक काढायला घेतली तेव्हा अक्षरओळख नाही म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. बायका शिकल्या, तोंडी गणित मांडून दाखवलं आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

लिहिणारी एकच असेल तरी गट चालतो, अट एवढीच की बैठक उठण्याआधी शिल्लक मोठ्याने वाचली जावी: मागची शिल्लक, आज जमा, आज वाटप, आता हातात किती. मग रोकड सगळ्यांसमोर मोजायची. पाच-सहा बैठकांत न शिकलेल्या बायकाही आकडे पाठ म्हणतात आणि चूक पकडतात. बिघडतं ते एकच प्रेरिका (गटांना मदत करणारी कार्यकर्ती) आठ-दहा गटांच्या वह्या महिनाअखेरीस घरी बसून भरते तेव्हा. इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या असतात, ठराव मात्र एकही नसतो. अशी वही तपासणीत नीटनेटकी दिसते आणि सदस्यांना काहीच ठाऊक नसतं.

आदिवासी भागातली खरी अडचण स्थलांतराची आहे. पालघर-रायगडकडची कातकरी कुटुंबं पावसाळ्याआधी किंवा पावसाळ्यात वीटभट्टीची उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) घेतात आणि दिवाळीनंतर मे-जूनपर्यंत भट्टीवर असतात. दर आठवड्याच्या बैठकीचा नियम इथे लावला की सहा महिन्यांत गटावर ‘बंद’ असा शिक्का बसतो. म्हणून नियम आधीच तसे लिहावेत: भट्टीच्या महिन्यांतली बचत माफ नाही, परतल्यावर एकदम, कर्जाचा हप्ता भट्टीचा हिशेब मिटल्यावर. विखुरलेल्या पाड्यांवर दहा जणी जमत नसतील तर पाच जणींचाही गट चालतो.

आणि रोख पैशाआधी धान्य. उचल घ्यावी लागते ती आषाढ-श्रावणात घरातलं संपतं म्हणून. कापणीनंतर घरटी ठरावीक पायल्या भात किंवा नागली (नाचणी) गोळा करून ठेवली, पावसाळ्यात दिली आणि कापणीला थोडी वाढ घालून परत घेतली, की दिढीच्या दारात जावं लागत नाही. तांदूळ करून ठेवू नये, कीड लागते. भात सालीसकट ठेवावं. नागली तर वर्षानुवर्षं टिकते.

“पापड-लोणच्यांनी गरिबी जात नाही”

मान्य. 12 जणींनी एकाच आठवडी बाजारात तेच पापड नेले तर एकीचाही खर्च निघत नाही. पण गटाला उद्योगाच्या मापाने मोजायचं म्हणजे त्याचं निम्मं काम सोडून देणं.

वनहक्क कायदा घ्या. 2006 च्या या कायद्यात कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे मिळतो. वनहक्क समितीत 10 ते 15 सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश बायका. ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. 120 मतदारांच्या पाड्यात 60 जण जमले पाहिजेत, त्यात 20 बायका. दोन गट ठरवून आले की एवढ्या होतात. बायका आल्या नाहीत तर ठराव टिकत नाही, आणि दाव्याची फाइल उपविभागीय समितीकडून परत येते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षं भरत आलेली ग्रामसभा होती.

दारूचं दुकान बंद करण्याची ‘आडवी बाटली’ही अशीच: मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. 25 मार्च 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं ‘आडवी’ पडावी लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. यादीत 800 बायका असतील तर अर्जावर 200 सह्या आणि पेटीत 401 मतं. म्हणजे घरी राहिलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूची. हरतात ती गावं इथेच हरतात: सासरी गेलेल्या मुलींची नावं यादीत तशीच, कामाला बाहेर गेलेल्या बायका परतलेल्या नाहीत, पडताळणीत सही जुळत नाही. अर्ज देण्याआधी यादी घेऊन गटवार बसायचं, कोण गावात आहे, कोण नाही याची खूण करायची, आणि मतदानाच्या दिवशी दहा घरांमागे एकीवर जबाबदारी टाकायची. हे काम एरवी दर महिन्याला बसणारा गटच करू शकतो. एक सावधगिरी: यातून परवान्याचं दुकान बंद होतं, हातभट्टी नाही. तिच्यासाठी पोलिसांच्या मागे वेगळं लागावं लागतं.

“पैसे थेट खात्यात द्या, गट कशाला?”

थेट पैसे जरूर द्यावेत. जुलै 2024 पासून ‘लाडकी बहीण’चे दरमहा 1,500 रुपये सुरू झाले आणि ते अनेक घरांत उपयोगी पडले. पण रात्री बाळंतीण अडली आणि गाडीला, दवाखान्याला 8,000 लागले, तर 1,500 चा हप्ता ती रात्र भागवत नाही. गटाची पेटी भागवते. नाव अपात्र ठरलं, आधार जुळलं नाही, तर तालुक्याला कुणाबरोबर जायचं हेही गटातच ठरतं.

त्या पैशातून मासिक बचत 100 वरून 300 केली, तर 12 जणींच्या गटात वर्षाला 43,200 रुपये जमतात. मात्र ज्यांचा अर्ज मंजूर झाला नाही त्यांना 100 वर राहू द्यावं, बाहेर काढू नये. बचत अशी कमी-जास्त झाली की व्याजाची वाटणीही बचतीच्या प्रमाणात करावी लागते, म्हणून प्रत्येकीचं वेगळं पान ज्या दिवशी 300 चा ठराव होईल त्याच दिवशी उघडावं.