‘मोठी झाली की तिलाच विचारू’ म्हणणाऱ्या आईबाबांसाठी

कॉकलियर इम्प्लांटचा, म्हणजे बहिऱ्या मुलाच्या कानात ऑपरेशन करून बसवायच्या यंत्राचा, विषय निघाला की हे वाक्य येतंच. नाशिकमध्ये सिडकोत ऐकलं, गंगापूर रोडला ऐकलं. त्यामागची माया कळते मला. माझी लेक जन्मतः बहिरी आहे, एवढ्याशा जिवाला ऑपरेशनला नेण्याची भीती काय असते ते मी जाणते. तरी ठामपणे सांगते, मुलाला विचारता येईल असं वय येईपर्यंत विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

इम्प्लांट कान बरा करत नाही. आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवून तो श्रवणनसेला थेट विजेचे संकेत देतो. त्यांचा अर्थ लावायचं काम मेंदूचं. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूची ही तयारी पहिल्या साडेतीन वर्षांत सगळ्यात जास्त असते, सातच्या पुढे खूपच ओसरते. बोलायला शिकल्यावर ज्यांचं ऐकणं गेलं, ते साठीतही इम्प्लांट करून घेतात आणि छान बोलतात. त्यांचं उदाहरण बाळाला लावू नका.

माझ्या मते निर्णय पहिल्या वाढदिवसाच्या आसपास व्हावा. त्यासाठी पहिल्या महिन्यात ओएई ही कानाची प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत बेरा, म्हणजे आवाज श्रवणनसेतून मेंदूकडे पोचतो का ते पाहणारी चाचणी, आणि सहाव्याच्या आत श्रवणयंत्र. काही महिने यंत्र नीट लावूनही फरक नसेल आणि एमआरआयमध्ये श्रवणनस दिसत असेल, तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणत थांबू नका. मेंदूज्वराने ऐकणं गेलं असेल तर आणखी घाई हवी, कारण आतल्या कानात हाड भरू लागतं आणि इलेक्ट्रोड आत जाणं अवघड होतं.

अनेक कर्णबधिर मोठी माणसं विचारतात, लेकराच्या संमतीशिवाय तुम्ही कोण ठरवणार? प्रश्न रास्त आहे. पण थांबणं हाही आपणच त्याच्या वतीने घेतलेला निर्णय असतो. त्यांचा दुसरा आग्रह मात्र मला शंभर टक्के मान्य आहे: खुणांची भाषा पहिल्या दिवसापासून द्या. ‘खुणा केल्या तर बोलणार नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. इम्प्लांट होईपर्यंत बाळाने भाषेविना राहायचं का? आणि झाल्यावरही रंगपंचमीला रहाडीपाशी, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदापाशी, जायचं तर प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा कानाबाहेर लावायचा भाग, काढून ठेवावा लागतो. तेव्हा आमची लेक पूर्ण बहिरी असते आणि आम्ही हातांनी बोलतो. पुढे तिला तो कायमचा काढून ठेवावासा वाटला, तर तो हक्क तिचाच.

पैशांचं म्हणाल तर दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या केंद्राच्या अडीप योजनेतून मदत मिळते, पण जन्मजात बहिरेपणासाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. कागदपत्रांना वेळ लागतो, तो धरून चाला. ऑपरेशननंतर स्पीच थेरपी काही वर्षं चालते. सुरगाणा, पेठहून दर आठवड्याला नाशिकला येणं सोपं नाही, मजुरी बुडते. म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: थेरपी घराजवळ कुठे मिळेल, आणि प्रोसेसर बिघडला तर दुरुस्त होईपर्यंत मुलाला दुसरा कोण देईल?